इंजिन बॅक मारतंय? खोलण्याआधी अर्धा दिवस पाण्याच्या नळीला द्या

ऑइलची पट्टी आपोआप वर उचलली जाते, ब्रीदरमधून (ऑइल चेंबरची हवा बाहेर सोडणाऱ्या पाइपातून) धुराचा लोट येतो, टॅपेट कव्हरभोवती ऑइल पाझरतं आणि क्रँकचं मागचं सील नवं टाकलं तरी महिन्याभरात पुन्हा गळायला लागतं. गॅरेजमध्ये याला ‘बॅक कॉम्प्रेशन’, म्हणजे सिलिंडरमधला दाब खाली ऑइल चेंबरमध्ये उतरणं, म्हणतात आणि निकाल जागेवरच लागतो: रिंगा गेल्या, इंजिन खोला. बऱ्याचदा रिंगाच गेलेल्या असतात. पण ऑइल चेंबरमध्ये हवा भरण्याचे रिंगांशिवायही चार-पाच रस्ते आहेत आणि त्यातले निम्मे इंजिन न खोलता दुरुस्त होतात.

हा लेख पहिली जुनी ट्रक घेतलेल्या मालकांसाठी आणि नव्याने हात काळे करणाऱ्यांसाठी आहे. उदाहरणाला टाटाचं ६९७ इंजिन धरलंय: सहा सिलिंडर, ९७ मिमी बोअर, १२८ मिमी स्ट्रोक, ५६७५ सीसी. इन्लाइन पंपाच्या कोणत्याही जुन्या डिझेल इंजिनला पद्धत हीच. कॉमन रेल (सगळ्या नोजलना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या) गाडीवर मात्र पाचव्या पायरीतला पाइप ढिला करण्याचा प्रयोग कधीही करू नका. त्या पाइपात हजार बारच्या पुढचा दाब असतो आणि डिझेलची बारीक धार कातडी फोडून हातात शिरते.

काय काय लागेल

- ८ ते १० मिमी आतला व्यास असलेली पारदर्शक प्लास्टिक नळी, ३ मीटर. हार्डवेअरच्या दुकानात लेव्हल पाइप म्हणून मिळते
- दीड मीटरची फळी, खिळे किंवा क्लिपा, मोजपट्टी, पाण्यात टाकायला चिमूटभर नीळ
- ब्रीदर पाइपात घट्ट बसणारं नायलॉनचं बूच, मधोमध आरपार १० मिमी भोक. कोल्हापूरच्या उद्यमनगरात कोणत्याही लेथवर दहा मिनिटांत करून मिळतं
- डिझेल कॉम्प्रेशन गेज, ६० किलोपर्यंतचं, तुमच्या नोजलच्या (डिझेल फवारणाऱ्या भागाच्या) जागी बसणाऱ्या डमीसह. पेट्रोल गाडीचं गेज इथे फुटतं
- नोजलच्या भोकात बसणारा हवेचा अ‍ॅडॅप्टर आणि टायरवाल्याकडे असतो तसा कॉम्प्रेसर
- नवे नोजल वॉशर, चाकांना लावायचे लाकडी ठोकळे
- हवेच्या तोंडावर दाबून धरता येईल अशी जाड सपाट फळी. इंजिन स्वतःचंच ऑइल ओढून पळायला लागलं, तर किल्ली फिरवून बंद होत नाही. हवा तोडावी लागते. ही फळी हाताशी नसेल तर चाचणी सुरूच करू नका
- गाडीची कागदं: इंजिनचं सर्व्हिस मॅन्युअल किंवा त्यातली मापांची पानं, मागच्या कामाचं बिल (लायनर, म्हणजे पिस्टन फिरतो ती सिलिंडरची आतली नळी, स्टँडर्ड की ओव्हरसाइज, रिंगा कोणत्या कंपनीच्या), आणि ऑइल कधी किती टाकलं याची ड्रायव्हरची वही

१. आधी पट्टी बघा, मग धूर

गाडी सपाट जागेवर उभी करा आणि इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा. ऑइल वरच्या खुणेच्या वर असेल तर क्रँक ते घुसळतो, फेस होतो, ब्रीदरमधून थेंब उडतात आणि सगळी लक्षणं बॅक कॉम्प्रेशनसारखीच दिसतात. ‘थोडं जास्त असलेलं बरं’ म्हणून दोन लिटर जादा ओतणारे खूप आहेत.

ऑइल न टाकता लेव्हल वाढत असेल तर पट्टीचा वास घ्या. डिझेलचा वास आला, थेंब बोटावर पाण्यासारखा पातळ लागला, तर गळकं नोजल किंवा फीड पंप शोधा. पातळ झालेलं ऑइल रिंगांना सील देत नाही, म्हणजे चांगल्या रिंगासुद्धा बॅक मारतात. दुधाळ ऑइल म्हणजे पाणी. तो वेगळा आजार आहे, इथेच थांबून आधी त्याच्या मागे लागा.

पावसाळ्यात सकाळी सकाळी ब्रीदरमधून पांढरा धूर दिसला म्हणून घाबरू नका. रात्रीची ओल वाफ होऊन निघते. इंजिन ८० अंशांपर्यंत तापवा, अर्धा तास गाडी चालवून आणा, आणि मग काय ते ठरवा. पुढची प्रत्येक चाचणी तापलेल्या इंजिनवरच करायची.

२. ब्रीदर उतरवा

ऊस वाहणाऱ्या गाड्यांत हे पहिलं काम. गाडी फडात उतरते, सरीच्या चिखलातून निघते आणि खाली लोंबणाऱ्या ब्रीदर पाइपाच्या तोंडाशी चिखल आणि पाचट बसून त्याचा बुच्चा होतो. आत तारेची जाळी असेल तर ती जळक्या ऑइलने थापलेली असते. रबरी पाइप असेल तर बाहेरून धडधाकट दिसतो, पण आतून फुगून चिकटलेला असतो. पाइपातून तोंडाने फुंकून बघा. जोर लावावा लागला तर तो बाद.

जाळी डिझेलमध्ये भिजवा, ब्रशने घासा, हवेने पूर्ण सुकवा. काही जण जाळीच काढून फेकतात. मग दाब कमी होतो, पण ऑइलही बाहेर जायला लागतं आणि आठवड्याने ‘इंजिन ऑइल पितंय’ अशी नवी तक्रार येते.

ब्रीदर साफ करून गाडी दोन दिवस चालवा. गळती थांबली तर उरलेला लेख वाचायची गरज नाही.

३. पाण्याची नळी बांधा

इथे नेहमीचं प्रेशर गेज कामाचं नाही. १ किलो दाब म्हणजे पाण्याची १० मीटर उंची. सील गळायला लावणारा चेंबरमधला दाब असतो त्याच्या शंभराव्या भागाच्या आसपास, म्हणजे १०० मिमी पाणी. गेजचा काटा तेवढ्याने हलतसुद्धा नाही. पाण्याची नळी मात्र मिलिमीटर-मिलिमीटर दाखवते.

फळीवर नळी इंग्रजी ‘यू’सारखी वाकवून बसवा, प्रत्येक बाजू किमान ६०० मिमी ठेवा. निळीचं पाणी निम्म्यापर्यंत भरा. एक टोक उघडं राहील, दुसरं ऑइल पट्टीच्या नळीला रबरी तुकड्याने घट्ट जोडा. आधी एक गोष्ट तपासा: काही इंजिनांत पट्टीची नळी खाली ऑइलमध्ये बुडलेली असते. तसं असेल तर वाचन खोटं येईल. अशा वेळी ऑइल भरायच्या टोपीला भोक पाडून निपल बसवा आणि तिथे जोडा. जुनी टोपी त्यासाठीच वापरा.

ब्रीदर पाइपात १० मिमी भोकाचं बूच बसवा. टोपी आणि बाकीची तोंडं बंद. आता चेंबरमधली सगळी हवा एकाच ठरलेल्या भोकातून बाहेर पडणार आणि पाणी किती चढतं त्यावरून हवा किती हे कळणार. बूच न लावता मोजलेला आकडा ब्रीदर किती मोकळा आहे त्यावर अवलंबून राहतो, त्याची तुलना कशाशीच होत नाही.

वाचताना बहुतेक जण चुकतात. एका बाजूचं पाणी १५ मिमी वर गेलं आणि दुसऱ्या बाजूचं १५ मिमी खाली, तर दाब ३० मिमी. दोन पातळ्यांमधलं अंतर मोजायचं. दुसरं, दाब चौपट झाला म्हणजे हवा चौपट नाही, दुप्पट. ४० चे १६० झाले म्हणून रिंगा चौपट झिजल्या असं कुणी सांगितलं तर मान डोलवू नका.

तीन वाचनं घ्या: आयडलिंगला, बिनलोड पूर्ण ॲक्सिलरेटरवर, आणि लोडवर चढाला. तिसऱ्यासाठी नळी केबिनमध्ये घ्या, फळी उभी बांधा, शेजारी वाचायला माणूस बसवा. निपाणीच्या बाजूचा तवंदी घाट यासाठी सोयीचा आहे, गाडी भरलेली असली की बास. पाणी ३०० मिमीच्या पुढे जायला लागलं तर ॲक्सिलरेटर सोडा आणि बूच काढा. चाचणीच्या नादात चांगलं सील फोडून घेऊ नका.

मॅन्युअलमध्ये मर्यादेचा आकडा दिलेला असेल तर तो कोणत्या भोकासाठी आहे ते बघा. भोक वेगळं तर आकडा निरर्थक. आपल्या कामाला मात्र पाण्याची चाल जास्त सांगून जाते:

- लोडबरोबर पाणी सावकाश, सरळ चढतं: सगळ्या रिंगांची सारखी झीज
- पाणी ठोक्याठोक्याने नाचतं: एकच सिलिंडर. रिंग तुटलेली, चिकटलेली किंवा पिस्टनला चीर
- टाकीत हवा भरताना जास्त, टाकी भरल्यावर कमी: ब्रेकचा कॉम्प्रेसर
- बिनलोड ठीक, लोडवर एकदम उसळी: टर्बो गाडी असेल तर टर्बोवर संशय, पण सातव्या पायरीपर्यंत थांबा

टोपी उलटी ठेवून ती नाचते का बघणं, ही रस्त्यावरची चाचणी. टोपी उडून पडली तर काहीतरी गडबड आहे हे खरं. पण टॅपेट कव्हरवरच्या टोपीखाली रॉकर हलत असतात, धडधाकट इंजिनातही ती थरथरते. जुनी गाडी विकत घेताना पहिली शंका म्हणून ही चाचणी ठीक आहे. इंजिन खोलायला तेवढा पुरावा पुरेसा नाही.

४. ब्रेकचा कॉम्प्रेसर बाजूला काढा

सगळ्यात जास्त विसरला जाणारा गुन्हेगार हाच. कॉम्प्रेसरला इंजिनचंच ऑइल जातं आणि ते परत चेंबरमध्ये येतं. त्याच्या रिंगा झिजल्या की दाबलेली हवाही त्याच वाटेने येते. इंजिन निर्दोष असूनही ब्रीदर धूर ओकतो.

चाकांना ठोकळे लावा. नळी जोडलेली ठेवून इंजिन आयडलवर चालू करा. टाकी रिकामी असताना वाचन घ्या, टाकी भरत येताना घ्या, आणि अनलोडरचा (टाकी भरल्यावर जादा हवा सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा) ‘फुस्स’ झाल्यावर घ्या. भरताना पाणी चढत गेलं आणि फुस्स झाल्याबरोबर उतरलं, तर दोष सापडला. खात्रीसाठी इंजिन बंद करून कॉम्प्रेसरचा डिलिव्हरी पाइप सोडा (तो कडक तापलेला असतो) आणि पुन्हा मोजा. पाइप सुटा असताना गाडी जागची हलवायची नाही, ब्रेकला हवा नाही.

टाकीचा ड्रेन उघडल्यावर पाण्याऐवजी काळं ऑइल येत असेल तर हा संशय आधीच धरा.

४०७ सारख्या व्हॅक्यूम ब्रेकच्या छोट्या गाड्यांत हेच काम अल्टरनेटरमागचा व्हॅक्यूम पंप करतो. तो ओढलेली हवा इंजिनात सोडतो. व्हॅक्यूमचा पाइप किंवा बूस्टर कुठे फुटला असेल तर बाहेरची हवा दिवसभर चेंबरमध्ये पंप होत राहते. पंपाकडे येणारा व्हॅक्यूमचा पाइप काढून तोंड बंद करा, गाडी उभी ठेवूनच, आणि वाचन पडतं का बघा.

५. कोणतं सिलिंडर

आयडलवर एकेका नोजलच्या पाइपाचा नट अर्धा-पाऊण आटा ढिला करा, पंपाच्या टोकाला. त्या सिलिंडरचं डिझेल तुटेल, ठोका जाईल. डोळे पाण्यावर ठेवा. ज्याचा नट सोडल्यावर पाण्याचं नाचणं मंदावतं ते सिलिंडर वहीत मांडा. डिझेल तुटलं तरी कॉम्प्रेशन होतंच, त्यामुळे पाणी शून्यावर येणार नाही. ही फक्त दिशा आहे.

६. कॉम्प्रेशन घ्या, पण ऑइल ओतू नका

सगळी सहा नोजल काढा, बॅटरी पूर्ण भरलेली ठेवा, पंपाचा स्टॉप ओढून ठेवा. प्रत्येक सिलिंडरला सारखाच वेळ स्टार्टर मारा आणि आकडे लिहा. एकटा आकडा फसवा असतो, बॅटरी जरा मंद झाली की सगळेच खाली येतात. सहांमधला फरक बघायचा. पाच जण एका रांगेत आणि एक ३-४ किलोने खाली, तर तो दोषी.

पेट्रोल गाडीच्या सवयीने मेस्त्री म्हणेल, कमी आलेल्यात चमचाभर ऑइल ओता, वाढलं की रिंगा. डिझेलला हा नियम लागत नाही. हिशोब करा: ६९७ च्या एका सिलिंडरमधली स्ट्रोकची जागा ९४६ सीसी, कॉम्प्रेशन १७ ला १. म्हणजे पिस्टन वर आला की उरलेली जागा फक्त ५९ सीसी. त्यात १० सीसी ऑइल टाकलं की प्रमाण १७ चं २० होतं. रिंगा कशाही असोत, गेज वाढूनच दाखवणार. शिवाय बरंचसं ऑइल पिस्टनच्या वाटीतच बसतं, रिंगांपर्यंत पोचत नाही. आणि अर्धी वाटी ओतलंत तर जागाच उरत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

७. हवा भरून ऐका

खरा निकाल इथे लागतो. सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टीडीसीला (पिस्टन सगळ्यात वर, दोन्ही व्हॉल्व्ह बंद) आणा. फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४, त्यामुळे जोड्या १-६, ५-२, ३-४. सहाव्याचे दोन्ही व्हॉल्व्ह एकमेकांत हलताना दिसले की पहिलं कॉम्प्रेशनवर आहे. क्रँक १२० अंश फिरवत पुढच्यावर जा.

अ‍ॅडॅप्टर लावून ५ किलो हवा सोडा. त्याआधी: ९७ मिमी पिस्टनवर ५ किलो दाब म्हणजे जवळपास ३७० किलोचा रेटा. टीडीसी केसभर चुकली तरी क्रँक झटक्याने फिरतो. गाडी टॉप गिअरमध्ये, चाकांना ठोकळे, फॅन आणि बेल्टपासून सगळ्यांचे हात लांब, क्रँकवर पाना लावून ठेवलेला नाही ना हे बघून मगच व्हॉल्व्ह उघडा.

आता कान लावा.

- ऑइलच्या टोपीतून फुसफुस: रिंगा, लायनर किंवा पिस्टन
- सायलेन्सरमधून: एक्झॉस्ट व्हॉल्व्ह
- एअर क्लीनरच्या पाइपातून: इनलेट व्हॉल्व्ह
- रेडिएटरमध्ये बुडबुडे: हेड गॅस्केट किंवा हेडला चीर
- शेजारच्या नोजलच्या भोकातून: दोन सिलिंडरमधलं गॅस्केट

टोपीतून थोडा आवाज सहाही सिलिंडरला येतोच, रिंगेला गॅप असतो. पाचांपेक्षा वेगळा कोण ते शोधायचं. सहाही सारखेच जोरात वाहत असतील तर झीज सर्वत्र आहे. सहाही बरे, कॉम्प्रेसर निर्दोष, आणि तरी लोडवर पाणी उसळत असेल तर मग टर्बो. बूस्टची हवा त्याच्या सीलमधून ऑइलच्या परतीच्या पाइपाने चेंबरमध्ये येते. शाफ्टचा प्ले आणि कॉम्प्रेसर बाजूचं ऑइल तपासा. टर्बोचा परतीचा पाइप बादलीत सोडून गाडी चालवायचा सल्ला मिळाला तर ऐकू नका, तिथून ऑइल भराभर निघतं आणि चेंबर बघता बघता रिकामं होतं.

८. रिंगाच निघाल्या, तर कारणही शोधा

कारण न शोधता किट टाकलं तर पुढच्या गळीत हंगामात पुन्हा हेच.

धूळ हे पहिलं. एअर क्लीनरनंतरचा रबरी पाइप उतरवून आत बोट फिरवा. बोटाला मातीची रेघ लागली की रिंगा कुणी खाल्ल्या ते समजलं. क्लिप ढिली, पाइपाला चीर, किंवा ऑइल बाथ क्लीनरमध्ये ऑइलच्या जागी गाळ. झिजलेल्या लायनरचं गणित कडक आहे: बोअर ०.१ मिमी वाढला की रिंगचा गॅप ०.३१ मिमी वाढतो. लायनर ०.२ मिमी झिजलेलं असताना नुसत्या रिंगा बदलल्या, तर नव्या रिंगेचा गॅप पहिल्याच दिवशी ०.६ मिमीने जास्त. लायनर मोजल्याशिवाय ‘फक्त रिंगा टाकून देतो’ म्हणणाऱ्याला थांबवा. मोजताना वर, मध्ये, खाली आणि दोन दिशांना बोअर गेज लावायला सांगा. जास्तीत जास्त झीज वरच्या रिंगेच्या थांब्याशी असते.

दुसरं कारण आयडलिंग. कारखान्याच्या अड्ड्यावर तासन्‌तास गाडी चालू ठेवली की लायनर आरशासारखं चकाकतं, रिंगा काजळीने खोबणीत चिकटतात. चिकटलेल्या रिंगा कधी कधी मोजमापात ठीक असतात, पिस्टन धुऊन, लायनर होन करून (दगडाने तिरप्या रेघा पाडून) काम भागतं.

नव्याने बांधलेलं इंजिन बॅक मारत असेल तर रिंग उलटी बसली का ते बघा. ‘टॉप’ लिहिलेली बाजू वर हवी. होनच्या तिरप्या रेघा नसलेल्या गुळगुळीत लायनरमध्ये रिंगा बसत नाहीत. आणि नवं इंजिन जपून, रिकामं, सावकाश चालवणं हीसुद्धा चूकच आहे. रिंगा लायनरशी बसायला मागून गॅसचा दाब लागतो, तो मध्यम लोडवरच मिळतो.

काम करायला देताना मेस्त्रीला दोन गोष्टी आधीच सांगा. काढलेल्या रिंगा सिलिंडरच्या नंबरची चिठ्ठी बांधून परत हव्यात. आणि गॅप लायनरमध्ये रिंग सरळ बसवून फिलर गेजने मोजायचा, मॅन्युअलच्या आकड्याशी ताडून, सहाही लिहून द्यायचे. क्रँकचं मागचं सील याच वेळी बदलून घ्या, गिअरबॉक्स उतरलेलाच असेल तर. तेच १० मिमीचं बूच आणि तीच नळी डिकीत ठेवा. इंजिन बसल्यावर, साधारण १००० किलोमीटरला, तीनही वाचनं त्याच वहीत जुन्या आकड्यांशेजारी लिहायची आहेत.